घट

घाटीगावच्या पुढे डांबर संपतं,
मग खैराचं रान, मग फरशीच्या दगडाचं पठार,
आणि पठार एकाएकी
खोहात उतरतं. उतरत नाही, तुटतंच.

मी पाहायला गेले होते.
लष्करात, दौलतगंजात, आमच्या दुकानात
अठ्ठावन्न सालापासून मध येतो तो इथून,
रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांतून,
आधी पातीरामच्या बापाच्या डोक्यावरून,
मग पातीरामच्या सायकलवरून.
दादा डबा काट्यावर ठेवत,
काडीनं चाखत, वहीत लिहीत:
सहरिया, मध, इतके शेर.
आणि खाली, बारीक अक्षरात: घट, सव्वा शेर.
घट म्हणजे मेण, मेलेल्या माश्या, काडीकचरा,
आणि घट म्हणजे घट.
ती कुणी विचारत नसे.
दादांनंतर मी शेराचे किलो केले.
घट तशीच ठेवली.

अमावास्या. उजेड नको, म्हणाला पातीराम,
मोबाइलसुद्धा पिशवीत, तळाशी.
तेव्हा पाहायला गेलेल्या मला
दिसलं ते एवढंच: काळ्यात एक जास्त काळं.
खालून वास पाकोळ्यांच्या शिटेचा, ओल्या दगडाचा,
आणि त्याच्या मागे, लपून,
आमच्या दुकानाचा.

माहुलाच्या सालीचा दोर,
धावड्याच्या बुंध्याला दोन वेढे.
तो धरायचा मान मेहुण्याचा.
भाऊ धरत नाही, भावाला वाटणी असते.
मुलगा धरत नाही, मुलाला घाई असते.
बायकोचा भाऊ धरतो,
कारण बहिणीचं कुंकू त्याच्या मुठीत असतं.
यंदा मेहुणा सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात.
दोराशी सुमरन उभी राहिली,
पदर कमरेला, टाच दगडाच्या खाचेत,
स्वतःचं कुंकू स्वतःच्या मुठीत.

"बाई," अंधारातून म्हणाली,
"नुसत्या उभ्या कशाला? शेपटावर बसा.
वजन आहे तुमचं."

बसले.
चौऱ्याहत्तर किलो, दुकानाच्या काट्यावर,
गेल्या सोमवारी, गिऱ्हाईक नसताना.
मांडीखाली दोर जागा झाला.
त्याचा पाय कुठे टेकला, कुठे निसटला,
कुठे थांबून तो धूर घालतो आहे,
सगळं दोरातून येत होतं.
तीस वर्षं मी त्याचा डबा तोलते,
तो स्वतः किती भरतो
ते आत्ता कळलं. फार नाही.
हिरड्याच्या एका पोत्याएवढा.

खाली जळत्या गवताचा पेंढा दगडावर आपटला,
ठिणग्या गळत गेल्या खोल,
आणि त्यांच्या मागे माश्या.
पीठगिरणी सुरू व्हावी
तसा पठाराचा दगड घुमला, माझ्या दातांपर्यंत.

मग दोर एकदम हलका झाला.

सुमरन काही बोलली नाही.
मीही नाही.
पाकोळ्या तेवढ्या ओरडत बाहेर पडल्या
आणि आमच्या डोक्यांवरून कुठेतरी गेल्या.
किती वेळ, सांगता येत नाही.
दोन हिसके आले. सुमरननं श्वास सोडला,
त्याला शिवी दिली, बहिणीवरून नव्हे, विडीवरून.
कपारीवर उभा राहून ओढत होता.

आधी डबा आला, मग तो,
एक डोळा सुजून मिटलेला.
कोपऱ्यातलं एक पोळं सोडलंय, म्हणाला,
हात लांबवला असता तर आलं असतं.
मी विचारलं, मग का?
"त्यांची घट."

हा शब्द तो आमच्याच दुकानात शिकलेला.
चेष्टा नव्हती त्यात.
मला तरी ऐकू आली नाही.

सोमवारी डबा काट्यावर.
पातीराम नेहमीसारखा पायरीवर, चपला काढून.
एकोणीस किलो दोनशे.
मी खुर्चीत नीट बसू शकत नव्हते,
मांडीवर दोराचा वळ होता.
पेन खालच्या ओळीवर थांबलं, तसा
"लिहा ना बाई," तो म्हणाला,
"बस निघून जाईल."

लिहिलं.
काय लिहिलं ते वहीत आहे.