खांदा

"पोटाचं न्हवं ओ बाई, खांदा धरलाय,"
हुपरीची त्रिशला सांगते. दिवसभर
पैंजणांच्या कड्या जोडायच्या, मान खाली.
दोघा डॉक्टरांनी मलम दिलेलं.

पाळी?
"झाली की. उलीशी. डागापुरती."

नाडी एकशे तीस.
खालची पापणी ओढली, आत कागद.
लघवीच्या पट्टीवर दोन रेघा.
आडवं पडल्यावर खांदा उगाच दुखत नाही:
पोटात साचलेलं रक्त पडद्याला भिडतं
आणि ओरड भलतीकडून उठते.

सीपीआरची लिफ्ट वरच अडकलेली.
मामांनी जिन्यावरून स्ट्रेचर उचललं.
सही करताना नवऱ्याचं आडनाव अर्धंच राहिलं.

दीड लिटर.
उजवी नळी, सुपारीएवढी फुगलेली, फाटलेली.
वाट चुकलं, म्हणतात लोक.
मी चिमटा लावला, कापलं, बांधलं.
रक्त थांबतं ते बोटांना कळतं,
त्याला आवाज नसतो.

पहाटे नवऱ्याच्या खिशात पैंजण वाजतात,
ओटीच्या दारात काढून दिलेले.
शुद्धीवर येता येता ती विचारते,
"खांद्याचं काय निघालं?"

मी स्टूल ओढून घेते.