आधी रिकामंच फिरव

रायसिंग, आधी रिकामंच फिरव. दहा मिनिटं.
नव्या यंत्राला गोदामाचा वास असतो,
तो खिडकीतून समोरच्या केळीत जाऊ दे.
वरच्या खोलीत गॅस चालणार नाही,
भाडं ठरवताना हे मीच म्हटलं होतं,
म्हणून तू हप्त्याने हे एअर फ्रायर आणलंस
आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यावर उभा:
काकू, भज्यांचं काहीतरी भलतंच झालं.

होणारच, बापा.
पातळ पीठ यात सोडायचं नसतं.
पीठ जाळीतून गळतं, तळाशी त्याचं ठिगळ होतं
आणि वर नुसता कांदा, अंगावर कपडा नसल्यासारखा.
मी केलंय, म्हणून सांगते.

हे तळत नाही. नावावर जाऊ नकोस.
हा वारा आहे.
वैशाखात दुपारी दोनला सावद्यात दाराची कडी भाजून काढतो
तोच, बादलीत कोंडलेला.
बाहेर सेहेचाळीस, आत एकशेऐंशी.
आणि वाऱ्याला वाट लागते.
चेंबरमध्ये क्रेट रचताना तू मधे फट सोडतोस ना,
नाहीतर मधली केळी हिरवीच राहतात?
तसंच हे.
बटाट्याच्या फोडी एकमेकींच्या मांडीवर बसवू नकोस.
अर्धी टोपली भर, दोनदा लाव.

तेल अगदीच सोडू नकोस, डॉक्टर काहीही म्हणोत.
चमचाभर, हाताने चोळून.
कोरडं टाकलंस तर वांग्याचे काप चामड्यासारखे होतात.

बट्टी मात्र झकास होते.
आधी वाफवायची, पूर्ण निवू द्यायची, मग कापायची,
तूप लावून बारा मिनिटं.
सहाव्या मिनिटाला उठ आणि टोपली हलव.
मोबाईल बघत बसलास
तर एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला पत्ताच नाही.
उघडून बघितलं तर ते रुसत नाही.
पुस्तकातली मिनिटं त्यांच्या गावची असतात;
आपल्याकडे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं,
तेव्हा तीन-चार जास्त धर.

बिबडे उडतात.
माझा पहिला बिबडा उडून वरच्या तारेला चिकटला,
आमचे हे बांधावरून विचारत आले, कोणाची ज्वारी पेटली?
तेव्हापासून वर इडलीची ताटली पालथी ठेवते.

भरताचं वांगं चारी बाजूंनी टोचून घे.
मी नव्हतं टोचलं.
रात्री अकरापर्यंत बिया खरवडत होते.
टोचलंस तर मऊ होईल, सालही निघेल,
पण भरीत होणार नाही, धूरच नाही त्यात.
ते हिवाळ्यात खाली अंगणात करू, पऱ्हाट्यांवर.
तू मिरच्या ठेचायला ये.

एवढं सगळं तुला शिकवून झालं
आणि गेल्या रविवारी तू धडगावहून कणसं आणलीस,
पानांसकट भिजवून आत ठेवलीस.
मी म्हटलं, पेटेल भो.
तू म्हणालास, भिजलंय काकू, बघा तर.
उघडलं तेव्हा पानं तपकिरी झाली होती
आणि वाफेला ओल्या मातीचा, दूरच्या कुठल्या चुलीचा वास.
मी वही घेऊन बसले: किती मिनिटं?
तू लाजलास.
म्हणालास, आई वासावर काढते.

माझ्या वहीत बट्टीपुढे बारा आहे,
शेंगदाण्यांपुढे आठ,
मक्यापुढे अजून कोरंच.

आणि हो, प्लग काढून मग धू.
तारेची घासणी लावू नकोस, आतला काळा थर निघतो,
माझा निघालाय.
लाईटबिल वेगळं येईल, ते भाड्यात धरलेलं नाही.
कणसं मात्र पुन्हा आण.