आलेच

अठरा नंबर वॉर्ड, पुरुष, सर्जरी, परळ.
बेचाळीस खाटा, खाली सहा गाद्या,
मी, आणि शिकाऊ प्रणोती,
जिच्या बुटांना अजून वॉर्डाचा रंग चढलेला नाही.

रात्री एकला एकदम सगळे.
नऊ नंबर बोंबलतोय, टाके ओढतायत,
त्याचा भाचा मोबाईल रोखून माझं नाव विचारतोय.
सांगितलं. वैजयंती. स्पेलिंगही सांगितलं.
बोंबलायला छातीभर श्वास लागतो,
नऊ नंबर थांबू शकतो.
पंधराचं सलाईन संपत आलंय, प्रणोती, तू बघ.
कोपऱ्यातून एकतीस, तांडेलबाबा, हलक्या आवाजात:
बाय, जरा यं गं, भांडं दे.
आलेच, म्हटलं मी.

आणि बावीसपाशी थांबले.
मुकादम. आतड्याचं ऑपरेशन, दुसरा दिवस.
पंख्यावरून रोज भांडणारा माणूस:
एकवर करा, दोनवर करा, हा पंखा आहे की विमान.
आज मी मुद्दाम पाचवर फिरवला.
तो काही बोलला नाही.
चादरीचा काठ बोटांनी चिवडत राहिला.

कपाळ गार, ओलं.
श्वास मोजले. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करतात काहीजण,
मी पूर्ण मिनिट उभी राहिले.
त्या मिनिटात तिघांनी हाक मारली.
अठ्ठावीस.
लघवीच्या पिशवीवर दहा वाजता पेनानं रेघ मारली होती,
पाणी रेघेच्या जेमतेम वर.

फोनवर डॉक्टर झोपेतून: बीपी किती, सिस्टर?
एकशे दहा, सर.
मग?

त्या 'मग'मध्ये सोळा वर्षांत
कितीतरी वेळा मी पाय मागे घेतलाय.
श्वास अठ्ठावीस, म्हटलं, नाडी एकशे वीस, तीन तासांत लघवी नाही म्हणण्याइतकी,
आणि सर,
तो भांडत नाहीये.
पलीकडे काही क्षण काहीच नाही.
मग जिन्यावर चपला.

अडीचला ट्रॉली थिएटरकडे गेली.
तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते लांबपर्यंत ऐकू आलं.
परतले तेव्हा नऊ नंबर घोरत होता,
भाचा त्याच्या पायाशी, मोबाईल छातीवर.
नंतर ड्रेसिंग, इंजेक्शनं, गादीवरच्या एकाला उलटी,
चार, पाच.

आलेच.
अजून न घडलेल्या गोष्टीचं
भूतकाळी क्रियापद.
आईनं शिकवलं, शाळेनं शिकवलं,
वॉर्डात ते दर रात्री शंभरदा खोटं पडतं.

सहा वाजून दहा मिनिटं. एकतीस.
चादर ओली.
गादी भिजू नये म्हणून बाबांनी
स्वतःचा टॉवेल घडी करून खाली घेतला होता.
भिंतीकडे तोंड.
तो पंख्यावाला? विचारलं त्यांनी.
वर नेलाय, बाबा. आयसीयूत आहे.
बरा केला.
पण माझ्याकडे वळले नाहीत.
मी चादर बदलली. टॉवेल धुऊन खिडकीत टाकला.

रजिस्टरात लिहिते: ३१, रात्र शांत गेली.
'शांत' खोडते.
त्या जागी बसणारा शब्द सापडत नाही,
आणि दारात सकाळपाळीची इनास सिस्टर,
पर्स अजून खांद्यावर,
तिला पंधरा नंबर हाक मारतोय.

आलेच, म्हणते ती.