डावीकडे काय आहे

फाट्यावर चार पाट्या: हिरवी, निळी, लाल, काळी.
काळीवर जाणारी पोरं गुडघ्यांना ढाली बांधून
उतारावर सुटतात
गोफणीतून सुटल्यासारखी.
आम्ही हिरवीवर.
सहा मैल, चढ नावापुरता.
कधीकाळी इथून रूळ जायचे, डबे स्लेटच्या दगडांनी भरलेले.
आता रुळांच्या जागी बारीक खडी
आणि खडीवर मेंढ्यांच्या लेंड्या.

नेरिस शेडमधून एकेक वाहन बाहेर काढते:
हातांनी फिरवायची सायकल,
व्हीलचेअरला पुढून अडकवायचं चाक,
म्हाताऱ्यांसाठी तीनचाकी, टोपलीसकट,
आणि ही आमची. दोन खुर्च्या शेजारीशेजारी,
चार पेडल, हँडल एकच.
ते माझ्याकडे.
"नवरानवरी निघाले," नेरिस दर शनिवारी म्हणते
आणि दर शनिवारी एमलिन तिला वेल्शमध्ये काहीतरी ऐकवतो
ज्याचा अर्थ मी अजून विचारलेला नाही.

आठवडाभर मी गावातल्या औषधांच्या दुकानात,
पांढऱ्या कोटात.
त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेची अर्धी,
डोळ्यांचे थेंब दोन वेळा.
गेल्या मार्चपासून चिठ्ठीवर थेंब नाहीत.
मी काही बोललो नाही.
पिशवी हलकी झाली होती,
हातात घेताना त्यालाही ते कळलं.

"डावीकडे काय आहे?"
दर वळणाला हाच प्रश्न.
मी सांगतो: भिंत. गवत. एक मेंढी, काळ्या तोंडाची.
"पाठीवर रंग कुठला?"
निळा.
"म्हणजे हॉवेलची. कुंपण दुरुस्त करत नाही लेकाचा."

डोंगराचा रंग विचारला की माझी पंचाईत.
माझ्या इंग्रजीत हिरव्याला एकच शब्द.
मग मी घसरतो मराठीत:
पोपटी, शेवाळी,
वर कातळापाशी भिजवलेल्या मुगाच्या सालीचा.
"पो-प-टी," तो शब्द चघळून बघतो
आणि मान हलवतो, चव ओळखीची असल्यासारखी.

त्याच्या डोक्यातला नकाशा मात्र पक्का.
"आता लाकूड वाजेल," म्हणतो,
आणि चाकांखाली पुलाच्या फळ्या वाजतात.
"इथं सिग्नलची केबिन. बाप इथं चहा उकळायचा, कडू."
"आणि आता लार्च. तीन. डावीकडे.
पानं सुयांची, तरी हिवाळ्यात गळतात, वेडी झाडं.
पिवळी झाली असतील ना?"

लार्च नव्हते.
तीन बुंधे होते, परातीएवढे, ताजे,
भोवती नारिंगी भुशाचा सडा
आणि एकावर ठोकलेली नोटीस, प्लास्टिकच्या पिशवीत:
रोग पसरू नये म्हणून.

मी हँडल घट्ट धरलं.
चिठ्ठीत नसलेलं औषध
मी आजवर कुणाला दिलेलं नाही.
तरी जिभेवर पिवळा रंग येऊन बसला होता,
पुडी बांधून, तयार.

"हं," तोच म्हणाला.
डावा गाल वळवला तिकडे.
"इथं ऊन लागायचं नाही कधी."

चारही पेडल थांबली.
वरच्या लाल वाटेवर कुणाचा तरी ब्रेक किंचाळला,
मग हसणं, मग काही नाही.
मागून घंटी वाजवत एक मुलगी आली तीनचाकीवर,
एक पाय पट्ट्यानं पेडलला बांधलेला,
मागे धापा टाकणारा बाप.
आम्ही कडेला झालो. ती आमच्याकडे न बघता पुढे गेली,
शर्यतीत असल्यासारखी.

"आता किती दिसतं इथून?"
मी म्हटलं, खूप. पार खाडीपर्यंत.
ओहोटी आहे. वाळूत एक होडी कलंडलीय.
दोन बगळे.
नाही, एक बगळा आणि एक खांब.

तो हसला.
"डोळे होते तेव्हा हे इथून दिसलंच नाही मला.
झाडं आड यायची. सांग.
घाई नको."

मी चाकाला दगड लावला
आणि मराठीतून सुरुवात केली.