नवव्या नंबरचा खुंट

रविवारी धुकं दहाला उठतं,
त्याआधीच परतवाड्याच्या बाजूने
घाट हॉर्न वाजवू लागतो.
मी बॅरिअरची दोरी धरून उभी :
गाडी नंबर, माणसं किती, प्लास्टिक आहे का.
नाही, म्हणतात सगळे.
संध्याकाळी तुमला कासदेकर
दरीच्या काठावरून
पोतंभर 'नाही' वेचून आणतो.

चार महिने झाले, त्याची मजुरी आलेली नाही.
माझा भाऊ याच घाटात जीप चालवतो,
सीझनला दिवसाच्या सहा फेऱ्या.
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच पैशातलं.
म्हणून 'पर्यटन' हा शब्द
मला थुंकून टाकता येत नाही.
गिळवतही नाही.

मंगळवारी मोजणीवाले आले.
तिपाईवर यंत्र, टोपीवर कंपनीचं नाव.
जामुनखोऱ्याच्या पठारावर,
जिथे उन्हाळ्यात रानगवे खारी माती चाटतात,
सतरा खुंट ठोकले,
डोकी लाल, अंगावर आकडे.
इथे गाड्या उभ्या राहतील, म्हणाले,
आणि इथून काचेचा पाळणा
थेट समोरच्या कड्यावर.
पाळणा.
क्षणभर शब्द गोडच वाटला.

तुमला उकिडवा बसला,
पहिल्या खुंटावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून.
"साहेब, कोन मेलं?"

साहेब हसले.
कोरकूंच्या गावात माणूस गेला की
सागाचा मुंडा कोरून रोवतात,
वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर स्वार,
हे त्यांना कोण सांगणार.
तुमलाच्या आजाचा मुंडा जुन्या गावात आहे,
जुनं गाव जंगलाच्या पोटात.
वाघाला शांतता हवी म्हणून
सगळी घरं उठवून खाली नेली;
यादी करणारा माझ्याच खात्याचा होता.
चुली, शेळ्या, मोहाची झाडं, सगळं मोजलं त्यानं.
मुंडे मोजायचे असतात
हे त्याला माहीत नसावं.

काल रात्री अस्वल आलं.
वारूळ हुंगत आलं असेल बिचारं,
त्याचा विरोध-बिरोध काही नाही.
नववा खुंट उपटून बाजूला,
लाल डोक्यावर नखांच्या चार रेघा.
मी डायरीत लिहिलं :
खुंट क्र. ९, वन्यप्राण्याकडून नुकसान.
पुढे काय लिहावं कळेना, तारीख टाकली.

तुमला तो खुंट घेऊन चौकीमागे बसलाय.
चाकूनं सूर्य केला.
चंद्र जरा वाकडा आला.
घोडाही झाला, अस्वलाच्या रेघांना
आयाळीत घेऊन.
वर स्वाराची जागा कोरीच.

"कोणाचा रे?"
"पाहू ना बाई, घाई काय हाये,"
म्हणाला, आणि भुसा फुंकला.

उद्या दहाला साहेब येतील.
नवव्याची जागा विचारतील.
खड्डा मला माहीत आहे,
दाखवावा लागेल.
तोवर वाळवीनं तो
अर्धा बुजवत आणलेला असेल.