फॉल्ट

चोवीस-तेवीस. चोवीस त्यांचे, वणीकडच्यांचे.
शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा, जनरेटरचा धूर,
माईकवर तुकाराम पाचभाईचा घसा बसलेला,
आणि बक्षिसाचा बोकड सागाच्या खांबाला,
तोही आमच्याकडे पाठ करून.

सर्व्हिस आली. मी घेतली.
घेतली म्हणजे हाताला लागली.
खुशाल टेकाम जाळीशी उभा,
बॉल त्याच्यापासून तीन पावलं मागं, तिरपा.
तो धावला, वाकला,
बोटांना काळी इन्सुलेशन टेप,
उचलला कसाबसा.
सुहास निखाडे तोवर हवेत जाऊन
खाली यायच्या वाटेवर होता.
बॉल जाळीत.

एवढंच झालं. दोन सेकंद.
बाकीचं रात्री झालं, पानठेल्यावर.

"लिफ्टरच नाही आपल्याजोळ."
"हातच गेले बे त्याचे, खांबावर चढू चढू."
"चौथी हार. चारही टाइम थोच होता मधात."

मधात होता, हे खरं.
प्रत्येक बॉल त्याच्या हातून जायचा,
म्हणून प्रत्येक पराभवावर त्याच्याच बोटांचे ठसे.
मी मागच्या रांगेतला.
माझी चूक दुसऱ्याच्या हातात पोचते
तेव्हा कुठं चूक होते.
ढवस मास्तरांच्या वहीत असेल मांडलेली,
उभ्या-आडव्या रेघा मारून.
वही त्यांनी कुणाला दाखवली नाही.
मी खर्ऱ्याची पन्नी उघडली
आणि तोंड भरून घेतलं.

पण खोटं का बोलू, त्याचंही होतं.
बाविसाव्या गुणाला डावीकडे विनायक मोकळा,
हात वर करून ओरडतोय,
समोर ब्लॉकला चिटपाखरू नाही,
आणि यानं पुन्हा सुहासलाच दिला.
सवय असेल. किंवा आम्हा सगळ्यांच्या पाठीवर
छापलेलं 'निखाडे कृषी केंद्र' असेल.
अशा जर्सीत डावीकडं बघायला
मान जरा जड जाते.

साडेअकराला गावाची लाईन गेली.
तीच तोंडं, तेच मोबाईल:
"खुशालभाऊ, लाईट गेली न गा!"
जणू यानंच खिशात घालून नेली होती.

मी बॅटरी धरायला गेलो.
त्यानं सबस्टेशनला फोन लावला, परमिट घेतलं,
नाल्यापलीकडच्या खांबाला दोर टाकला
आणि सकाळच्याच टेप लावलेल्या बोटांनी चढला.
बऱ्याच वेळानं मी खालून विचारलं,
कुठं होता फॉल्ट?
लाईनचंच विचारत होतो. बहुतेक.

दातातली पक्कड काढून तो म्हणाला,
"एका जागी नसते ना बे.
तिकडे फांदी पडते, मधातला जंपर ढिल्ला रायते,
अन् डीओ उडते इकडे.
लोकायले डीओ दिसते."
मग जरा थांबून,
"ढिल्ला जंपर माहाच होय.
पोळ्यापासून कसतो कसतो म्हणून रायलो."

फांदी माझी, असं म्हणायची वेळ तीच होती.
बॅटरी थोडी हलली, बस.
"सरळ धर."
मी सरळ धरली.

लाईन आली. आखर उजळलं, शाळा उजळली,
रिकाम्या मैदानावर जाळी अजून ताणलेली,
सागाच्या खांबाशी फक्त दोरीचा तुकडा.
आमची ओळ मात्र अंधारातच.
एक फेज अजून यायचा होता.

दोर पुन्हा आवळता आवळता तो बोलला,
माझ्याकडे न पाहता,
"सकायी येजो मैदानावर.
शंभर सर्व्हिस घेजो तू.
मी डावीकडे देऊन पाहातो."

म्हणजे त्याला माहीत होतं.
किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.