मंजुरी प्रलंबित

स्टेनग्रीमुर फेब्रुवारीत गेला, घाटातल्या बर्फावर गाडी घसरून.
पगार विभागाने पगार थांबवला.
खरेदी विभागाला कुणी सांगायचं, हे राहून गेलं.

आज अकरा मे. मीठ, चाळीस टन.
साठा खाली गेला तशी प्रणालीने स्वतःच मागणी काढली,
स्वतःच पुरवठादार निवडला, स्वतःच भाव तपासला,
आणि त्याच्या सहीसाठी
पिवळी होऊन बसली.

खाली धक्क्यावर दोन बोटी लागल्यात.
कॉडचा टब काट्यावर टेकतो न टेकतो
तोच माझ्या पडद्यावर वजन, बोट, तपमान,
आणि लेख्यांत बोटवाल्याचं देणं उभं.
चार वर्षं झाली, मला अजून याची गंमत वाटते:
तिकडे मासा पडतो, इकडे आकडा हलतो.

आली तेव्हा तिने आम्हा सगळ्यांची आडनावं मागितली.
आइसलँडात आडनाव कुठलं? बापाचं नाव लावायचं, कुणी आईचं.
पण रकान्यावर तारा होता, रिकामा सोडता येईना.
मग अकरा योन्सन एका घराण्यात गेले, एकमेकांचे कुणी नसलेले,
आणि माझा सख्खा भाऊ माझ्यापासून वेगळा निघाला.
स्टेनग्रीमुर गोदामाच्या दारात हसत म्हणाला,
"ब्रिनहिल्दुर, ही नाती लावते. बर्फ काय मोजणार?"
बर्फ तिने बरोबर मोजला. त्याने तेही मान्य केलं,
दोन दिवसांनी, तोंड वाकडं करून.

त्याचं नाव काढायला गेले.
*या व्यक्तीकडे सतरा कागद उघडे आहेत. नोंद बंद करता येत नाही.*
रबरी हातमोजे. फोर्कलिफ्टची बॅटरी. टबांची झाकणं.
सतरावा त्याचा स्वतःचाच, जानेवारीतला:
रजा, दहा ते एकोणीस मे.
कारण: बहिणीकडे मेंढ्या वितात.
प्रलंबित. माझ्याकडे.

हंगामाचे दिवस, बघू नंतर, असं म्हणाले असेन.
म्हणाले नसेन तर नुसतीच पुढे सरकले असेन.

मंजूर केली.
रजेच्या काळात काम कोण बघणार? तारा.
मी माझं नाव घातलं,
आणि मीठ माझ्या पडद्यावर आलं. सही केली.
हातमोज्यांवर केली. बॅटरीवर केली.

शिल्लक रजा: चार.
वीस तारखेला, बुधवारी, सकाळी सातला
तो कामावर रुजू होतोय, असं ती म्हणते.
मी अजून तिला काही बोललेले नाही.